राक्षसाची वाचा

बी. ए.च्या वर्गांत मेरी शेलीबाईंची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी शिकवावयास घेतली म्हणजे पहिल्या दिवशीं मी एक प्रश्न हटकून विचारतों: फ्रँकेन्स्टाइन हें नांव कोणाचें? उत्तर बहुधा एकच येतें, “राक्षसाचें.” तें चूक आहे. नांव त्या राक्षसास निर्माण करणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचें. राक्षस बिचारा शेवटपर्यंत निनांवीच राहतो. दोन वर्षांपूर्वीं मात्र मागच्या बाकावरील एका मुलानें बरोबर उत्तर दिलें, आणि वर मलाच विचारलें, “सर, गोष्टींत हा राक्षस इतका चांगला बोलतो, मग सिनेमांत तो मुका कां?” मूळ पुस्तक वाचलेंस काय, असें मीं कौतुकानें विचारतांच तो ओशाळला. पुस्तक त्यानें वाचलें नव्हतें. लहानपणीं रद्दीच्या दुकानांत मिळालेलें एक जुनें इंग्रजी कॉमिक वाचलें होतें, एवढेंच. वर्गांत हंशा पिकला, आणि कबूल करावयास हरकत नाहीं, मीही त्यांत सामील झालों.

घरीं आल्यावर तें हंसणें मला बोचूं लागलें. मुलाचा प्रश्न मर्माचा होता. आणि तो त्याला सुचला तो ज्या प्रकारच्या पुस्तकांना आम्ही शिक्षक मंडळी दारांत उभें करीत नाहीं अशा पुस्तकामुळें. तेव्हां गॉथिक कादंबऱ्यांच्या चित्रकथांचा हा इतिहास एकदां नीट पाहावा असें वाटलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, गॉथिक कादंबरी हा प्रकार जन्मतः कांहीं कुलीन मानला गेला नव्हता. होरेस वॉल्पोल यानें १७६४ च्या अखेरीस ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही या कुळाची आद्य कादंबरी छापली ती स्वतःचें नांव लपवून, एका जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून. पुढें पडके किल्ले, तळघरें, शापित घराणीं आणि मूर्च्छित नायिका यांचें पेंव फुटलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तर लंडनांत निळ्या वेष्टनाच्या लहान पुस्तिका निघूं लागल्या. तीन तीन खंडांच्या कादंबऱ्या ३६ किंवा ७२ पानांत आंवळून, आरंभीं एखादें भयंकर चित्र घालून, सहा पेन्स किंवा एक शिलिंगास त्या विकल्या जात. सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं. तरुण मुलींचीं डोकीं यामुळें बिघडतात अशी ओरड झाली. जेन ऑस्टिनबाईंनीं ‘नॉर्दँगर ॲबी’मध्यें याच वेडाची गोड थट्टा केली आहे. सारांश, ज्यास आज आपण ‘अभिजात’ म्हणून शिकवितों तें एके काळीं चोरून वाचण्याचें वाङ्मय होतें, आणि त्याचे स्वस्त सचित्र संक्षेप हेंही आजचें पाप नव्हे.

‘फ्रँकेन्स्टाइन’चा जन्म १८१६ च्या उन्हाळ्यांतला. आदल्या वर्षीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याच्या धुरळ्यामुळें युरोपांत त्या वर्षीं उन्हाळा असा जाणवलाच नाहीं. जिनीव्हा सरोवराच्या कांठीं बायरनच्या बंगल्यांत पावसानें कोंडून पडलेल्या मंडळींनीं भुताची एकेक गोष्ट लिहिण्याचें ठरविलें. त्यांतून अठरा वर्षांच्या मेरीला ही कथा सुचली. १ जानेवारी १८१८ रोजीं ती लंडन येथें तीन भागांत प्रसिद्ध झाली. प्रती अवघ्या ५००, आणि लेखिकेचें नांव नाहीं.

या कादंबरीचा गाभा म्हणजे राक्षसाचें बोलणें. निर्मात्यानें टाकून दिलेला तो जीव एका झोपडीच्या आडोशास लपून, भिंतीच्या फटींतून द लासी नांवाच्या कुटुंबाचें संभाषण ऐकत भाषा शिकतो. मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योथे यांचे ग्रंथ त्याच्या हातीं पडतात व तो ते वाचतो. मग एके दिवशीं घरांतील अंध वृद्ध एकटा असतां तो आंत जाऊन त्याच्याशीं बोलतो. वृद्ध त्याचें म्हणणें ममतेनें ऐकतो, कारण त्याला तें तोंड दिसत नाहीं. इतक्यांत मुलें परत येतात. त्यांना तें तोंड दिसतें, आणि ऐकण्याचें सारें संपतें. मुलगा काठीनें त्याला बडवून काढतो. साऱ्या कादंबरीचें दुःख या एका प्रसंगांत आहे: जे पाहतात ते ऐकत नाहींत, आणि जो ऐकतो त्याला दिसत नाहीं. कादंबरीचा वाचकही त्या अंध वृद्धाच्याच जागीं बसलेला असतो. राक्षसाचें रूप त्याला शब्दांनींच कळतें. प्रत्यक्ष त्याच्यापर्यंत पोंचतो तो त्याचा आवाज.

आतां रंगभूमीवर काय झालें तें पाहा. १८२३ च्या जुलैंत लंडन येथें पीक नांवाच्या नाटककारानें या कथेचें नाटक रंगमंचावर आणलें. तें चांगलें गाजलें. स्वतः लेखिका तें पाहावयास गेली होती, आणि जाहिरातींत राक्षसाच्या नांवाच्या जागीं नुसती रेघ छापलेली पाहून तिला ती युक्ति आवडली. नाटकाच्या लोकप्रियतेमुळेंच त्या वर्षीं कादंबरीची दुसरी आवृत्ति निघाली व इंग्लंडांत प्रथमच तिच्यावर मेरीचें नांव छापलें गेलें. रूपांतरानें मूळ ग्रंथाला असा हात दिला खरा. पण त्याची किंमतही वसूल केली. नाटकांतला राक्षस मुका होता. जो मिल्टन वाचीत होता तो आतां केवळ हातवारे करूं लागला.

एकदां गेलेली वाचा सहजीं परत येत नाहीं. १९३१ सालीं अमेरिकेंत युनिव्हर्सल कंपनीनें जेम्स व्हेल याच्या दिग्दर्शनाखालीं काढलेला चित्रपट जगभर गेला. बोरिस कार्लोफ या नटाचें तें सपाट कपाळ व मानेंतील खिळे आज सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेत. चित्रपटांना नुकताच कंठ फुटला होता, त्यांतलीं सारीं पात्रें बोलत होतीं, आणि नेमका राक्षस तेवढा गुरगुरत होता! १९३५ च्या दुसऱ्या चित्रपटांत एका अंध संन्याशाच्या झोपडींत त्याला चार शब्द शिकविले जातात. कादंबरींतील अंध वृद्धाची ही आठवण मोठी हृद्य आहे. परंतु राक्षसानें बोलावें हेंच मुळीं कार्लोफला पसंत नव्हतें, आणि १९३९ च्या तिसऱ्या चित्रपटांत तो पुन्हां मुका झाला.

या पार्श्वभूमीवर कॉमिकांचा प्रवेश होतो. १९४० च्या डिसेंबरांत डिक ब्रीफर या चित्रकारानें एका मासिक कॉमिकांत ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही मालिका सुरू केली. पण तींत नांव तेवढें जुनें, राक्षस धुमाकूळ घालतो तो न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींमधून. खरें रूपांतर आलें तें दुसऱ्याच माणसाच्या हातून. रशियांत जन्मून अमेरिकेंत आलेला आल्बर्ट कँटर हा पुस्तकविक्रीच्या धंद्यांतला गृहस्थ. मुलें कॉमिकांवर तुटून पडतात, तर त्याच वाटेनें त्यांना थोर ग्रंथांपर्यंत कां नेऊं नये, असें त्याच्या मनानें घेतलें. १९४१ च्या ऑक्टोबरांत त्यानें ‘क्लासिक कॉमिक्स’ ही माला दहा सेंट किंमतीस सुरू केली. पहिला अंक डुमाच्या ‘थ्री मस्केटिअर्स’चा. १९४७ सालीं तिचें नांव ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ झालें आणि कालांतरानें तिचे १६९ अंक निघाले. गॉथिक वळणाच्या कथा तींत लवकरच आल्या: १९४३ मध्यें स्टीव्हन्सनची ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’, १९४४ मध्यें ह्यूगोची ‘नोत्र दाम’, आणि १९४५ च्या डिसेंबरांत, सव्विसावा अंक म्हणून, ‘फ्रँकेन्स्टाइन’.

हा सव्विसावा अंक रूथ रोश यांनीं लिहिला व रॉबर्ट वेब आणि ॲन ब्रूस्टर यांनीं रेखाटला. तिघांपैकीं दोघी स्त्रिया, हें या कादंबरीच्या बाबतींत शोभण्यासारखेंच झालें. हिरोशिमावर बाँब पडून चार महिने झाले होते. स्वतःच्या निर्मितीपासून पळ काढणाऱ्या शास्त्रज्ञाची कथा तेव्हां कशी वाचली गेली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. लेखिकेनें आधार घेतला तो चित्रपटाचा नव्हे, कादंबरीचा. या दहा सेंटांच्या पुस्तकांत राक्षस आपली कर्मकहाणी सांगतो, सोबतीण मागतो, आणि अखेरीचा पाठलाग उत्तरेच्या बर्फापर्यंत जातो. सव्वाशें वर्षांच्या मौनानंतर राक्षसाला वाचा फुटली ती ज्यास सर्वांनीं हलकें मानलें त्या ठिकाणीं.

चित्रकथेंत असें काय आहे कीं हें तिला साधावें? नाटकांत व चित्रपटांत दर्शन आणि भाषण यांची झटापट होते, आणि दर्शन जिंकतें. कादंबरींत दर्शनच नसतें. चित्रकथेंत मात्र एकाच चौकटींत तें भेसूर तोंड असतें आणि त्या तोंडाशेजारीं फुग्यांत त्याचे शब्द. डोळा तोंडावर पडतो, तसाच शब्दांवरही पडतो. वाचल्याखेरीज पुढची चौकट कळत नाहीं. म्हणजे द लासीच्या मुलानें जी परीक्षा दिली नाहीं, ती चित्रकथा आठ-दहा वर्षांच्या वाचकाकडून देवविते. हें तोंड पाहूनही त्याचें म्हणणें ऐकावयाचें.

याचा अर्थ कॉमिकानें मूळ ग्रंथाची जागा घ्यावी असा मुळींच नव्हे. मेरी शेलीची रचना पेटींत पेटी अशी आहे: नावाड्याच्या पत्रांत फ्रँकेन्स्टाइनची हकीकत, तिच्या पोटांत राक्षसाची. कोणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हा संशय त्यामुळें वाचकाच्या मनांत जागा राहतो. चित्र असा संशय ठेवीत नाहीं. रेखाटलें तें घडलें, असेंच तें सांगतें. शिवाय ‘जेकिल’चा १९४३ चा अंक इतका सैल होता कीं, १९५३ सालीं तो मूळास धरून नव्यानें काढावा लागला. नुकसान होतें, हें खरेंच.

तें नुकसान मोठ्यानें बोलून दाखविणारा पुरुष म्हणजे डॉ. फ्रेडरिक वर्टहॅम. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत गरीब कृष्णवर्णीय रुग्णांसाठीं मानसोपचाराचें केंद्र चालविणारा हा सद्‌हेतूचा डॉक्टर. १९५४ सालीं त्यानें कॉमिकांवर प्रखर हल्ला करणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षीं सिनेटच्या उपसमितीनें न्यूयॉर्क येथें साक्षी घेतल्या. त्याच्या पुराव्यांत बरीच ओढाताण होती, हें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें आहे. पण तेव्हां तो आवाज प्रभावी ठरला. सरकारी कायद्याच्या भीतीनें प्रकाशकांनीं ऑक्टोबर १९५४ मध्यें स्वतःच एक आचारसंहिता केली. तींत रक्तपिपासू पिशाच्चें, चालतीं प्रेतें, माणसाचे लांडगे यांस बंदी झाली. संहितेचा शिक्का नसलेलें कॉमिक विक्रेते ठेवीनात, आणि भयकथांचीं मासिकें बुडालीं.

गंमत अशी कीं, ‘फ्रँकेन्स्टाइन’चा तो सव्विसावा अंक छापला जातच राहिला. आमचीं तीं कॉमिकेंच नव्हेत, असें म्हणून ‘क्लासिक्स’वाल्यांनीं तो शिक्का घेतलाच नव्हता! राक्षस तोच; पण त्याच्या हातीं थोर ग्रंथाचा परवाना होता. १९७१ सालीं संहिता सैल केली तेव्हांही हीच पळवाट राजमार्ग झाली: फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला किंवा पो यांच्यासारख्या मान्यवर वाङ्मयाच्या परंपरेस धरून असतील तर पिशाच्चें चालतील, असें ठरलें. लगेच मार्व्हल कंपनीनें १९७२ मध्यें ड्रॅक्युलाची व १९७३ च्या आरंभीं फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची मालिका काढली. या दुसरीच्या पहिल्या अंकांत, गॅरी फ्रीड्रिक व माइक प्लूग यांच्या हातून, मूळ कादंबरी बरीचशी उतरली आहे आणि राक्षस बोलतो. पुढें कादंबरी संपली, कथानक कंपनीचें झालें, आणि ड्रॅक्युलाशीं झालेल्या झुंजींत राक्षसाचा कंठ निकामी झाला. मूळ ग्रंथाचें बोट सुटतांच तो पुन्हां मुका झाला! रूपांतर चांगलें कीं वाईट हें ठरविण्यास याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाहीं. चित्रें किती, पानें किती, हें विचारूं नये. राक्षस बोलतो कीं नाहीं, एवढेंच विचारावें.

आतां काळ पालटला आहे. २०११ पर्यंत ती संहिता पूर्णपणें मोडीत निघाली, आणि २०१९ सालीं जपानी चित्रकार जुंजी इतो यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ला अमेरिकेंत उत्कृष्ट रूपांतराचें आयस्नर पारितोषिक मिळालें. चित्रकथेस आतां कोणाच्या परवान्याची गरज उरलेली नाहीं. गरज उरली आहे ती आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या समजुतीची. मुलाच्या हातीं चित्रांचें पुस्तक दिसतांच आपण तें हिसकावून घेतों. त्यांत काय म्हटलें आहे हें पाहतही नाहीं. म्हणजे तोंड पाहून काठी उचलणाऱ्या त्या द लासीच्या मुलाहून आपण निराळे तें कसे?

कँटर आपल्या अंकांच्या शेवटीं वाचकास एक विनंति छापीत असे: आतां मूळ ग्रंथ वाचा. माझ्या विद्यार्थ्यानें ती लहानपणीं वाचली होती, पण मूळ ग्रंथ त्याला कोणी दिला नव्हता. मीं माझी प्रत त्याला दिली. तीन आठवड्यांनीं तो ती परत घेऊन आला, आणि राक्षसानें वाचलेला तो मिल्टन मिळेल काय, असें दारांत उभ्या उभ्याच विचारूं लागला. या वेळीं मीं त्याला आंत बोलावून बसविलें.