वाशीम जिल्हा : कोविड-१९ काळातील स्थानिक उपाययोजना
विदर्भातील वाशीम जिल्ह्यात (स्थापना १९९८) कोविड साथीत (२०२०–२१) प्रशासन व स्थानिक स्वराज्य संस्थांनी राबविलेले उपाय. साथरोग अधिनियम १८९७ व आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ हे त्यांचे कायदेशीर आधार. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष. ग्रामीण आरोग्याची धुरा जिल्हा परिषदेकडे, तर शहरांची स्वच्छता नगरपरिषदा व नगरपंचायतींकडे होती. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या राज्यव्यापी मोहिमेत पथकांनी घरोघरी ताप व प्राणवायूची पातळी तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये देगाव (ता. रिसोड) येथील निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले, वसतिगृह परिसर प्रतिबंधित क्षेत्र ठरला. सामूहिक निवासात वेळीच चाचणी किती मोलाची असते, हे या घटनेने दाखवून दिले.