आप्पांचं कोल्हापूर: खासबाग, पॅलेस थिएटर आणि गंगावेशीतलं दूध

हेडफोन लावलाय ना? आजचा एपिसोड आप्पांमुळं झालाय. आप्पा म्हणजे माझे आजोबा. वय 78, मुक्काम वारणानगर. रोज पहाटे चार-पाच किलोमीटर चालतात आणि तरी घरातले सगळे त्यांना एकच सांगतात, "आता गप घरात बसा की."

मी पुण्यात कोड लिहितो. एकदा मोठ्या हौसेनं त्यांना पुण्याला आणलं आणि मॉल दाखवला. ते सरकत्या जिन्यासमोरच्या बाकावर अर्धा तास बसले आणि म्हणाले, "झालं का बघून? आता खरंखुरं कायतरी दाखीव."

खरंखुरं काय ते मला जानेवारी 2025 मध्ये कळलं. त्या दिवशी ते पुढं आणि मी मागं.

एसटीत कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं, शून्य रुपयाचं तिकीट आलं. 2022 च्या ऑगस्टपासून 75 च्या वरच्यांना राज्यात एसटी मोफत आहे. 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या सहली या एका तिकिटानं किती वाढल्या, ते कुठल्याही स्टँडवर सकाळी उभं राहून बघा. पारगाव, वाठार करत गाडी हायवेला लागेपर्यंत आप्पांनी अर्ध्या बसशी ओळख काढली होती.

पहिला थांबा टाऊन हॉल. 1870 च्या दशकातली इमारत, चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराची. नवा राजवाडाही त्याचाच. आत म्युझियम आहे, आणि तिथं काचेमागं पॉसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती आहे. पॉसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. ही मूर्ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेकाठी सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराची खूण. मी फोनवर माहिती वाचत होतो. आप्पा म्हणाले, "ब्रह्मपुरीवर आम्ही शेळ्यांच्या मागनं फिरलोय. पायाखाली ह्यो बसला हुता म्हणायचा!"

तिथून चालतच भवानी मंडप आणि मग खासबाग. मी दोनदा रिक्षा थांबवली, दोन्ही वेळा त्यांनी रिक्षावाल्याला पुढं जायला सांगितलं.

आता जरा इतिहास. 1902 मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले. (आपल्याला माहीत असलेला 50 टक्के राखीव जागांचा हुकूम 26 जुलै 1902 चा, म्हणजे महाराज तिकडं असतानाचा. एका दौऱ्यात माणूस काय काय करतो बघा.) येताना युरोप फिरले, रोममध्ये कोलोसियम बघितलं. ते पाहून कोल्हापुरात कुस्तीचं तसंच मैदान हवं असं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. 1912 मध्ये खासबाग मैदान तयार झालं. परातीसारखा आकार: मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली बसायची जागा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पट दिसला पाहिजे. आणि याला लागूनच 1915 मध्ये नाटकाचं पॅलेस थिएटर.

मला यातली खरी गंमत त्या शेजारात वाटते. एका भिंतीपलीकडं शड्डू, अलीकडं नाट्यपद. तालमीतला गडी आणि पेठेतला वकील एकाच रस्त्यानं यायचे. गावाकडून बैलगाडीत येणाऱ्या शेतकऱ्याला एका मुक्कामात दोन्ही बघता यायचं. करमणूक ही रस्ता, पाणी, शाळेसारखीच राज्यानं पुरवायची गोष्ट आहे, असं कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी ठरवून बांधलेलं हे शहर आहे. आपण मात्र 'सीनियर सिटिझन' म्हटलं की दोन बाकडी आणि एक हास्यक्लब देऊन मोकळे होतो.

आप्पा उतारावर बसले आणि बोलत सुटले. वारणा कारखान्याची पाळी संपवून सायकलीनं कुस्त्या बघायला यायचे. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, मारुती माने, पुढं दादू चौगुले. प्रत्येक नावापाठोपाठ हाताची पकड दाखवायचे, ती माझ्याच दंडावर.

मग थिएटरकडं वळलो आणि ते गप्प झाले.

या थिएटरला पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवरावांनी 1908 मध्ये ललितकलादर्श काढली. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत 'संयुक्त मानापमान' केलं आणि त्याच वर्षी गेले. वय अवघं 31. त्यांची जयंती 9 ऑगस्टला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं गेलं. दगडी भिंती राहिल्या. मूळ रूपात पुन्हा उभारायचं ठरलं, पण आम्ही गेलो तेव्हा बाहेरूनच बघावं लागलं.

आता हे सांगतो, कारण न सांगता एपिसोड पुरा होणार नाही. त्या वर्षी जूनमध्ये आप्पांचा फोन आला होता. "इथं एक संगीत नाटक लागलंय, येतोस का?" माझं रिलीज होतं. मी म्हणालो, "आप्पा, पुढच्या वेळी. आणि एकटे जाऊ नका हं, रात्र होते." ते गेले नाहीत. पुढची वेळ आलीच नाही.

मी तिथं उभं राहून सॉरी म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तुझ्या आज्जीला पयल्यांदा हितंच आणलं हुतं. तिला पदं कळली न्हाईत, पर इंटरवलची भेळ लई आवडली."

मग आम्हीही भेळ खाल्ली. अर्थात.

संध्याकाळी रंकाळा. मुळात इथं दगडाची खाण होती, तिथं पाणी साठून तलाव झाला असं सांगतात. कठड्यालगत एक फेरी मारली. मी दमलो, ते नाही. शेवटी गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. आप्पांनी दोन ग्लास घेतले. मिशीला फेस तसाच.

एसटीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "थेटर कधी हुतंय म्हणं?"

"काम चालू आहे आप्पा. झालं की पहिल्या प्रयोगाला जाऊ."

"नाटकाचं तिकीट तू काढ," ते म्हणाले. "एसटी माझी फुकाट हाय."