अ‍ॅस्कॉट: टोप्या, बग्ग्या आणि घोडे

जून महिना आला की टीव्हीवर उंच टोप्या, रंगीबेरंगी हॅट आणि मधूनमधून घोडेही दिसू लागतात. मग मंडळात कोणीतरी विचारतेच, "अहो, शर्यतीला एवढे नटूनथटून कशाला?"

विंडसरजवळची ही जागा राणी अ‍ॅनने हेरली. पहिली शर्यत ११ ऑगस्ट १७११ रोजी झाली, बक्षीस १०० गिनी. गोल्ड कप १८०७ पासूनचा. राजघराण्याने उघड्या बग्गीतून मैदानावर येण्याची प्रथा चौथ्या जॉर्जने १८२५ साली सुरू केली. पुरुषांच्या काळ्या कोटाचे श्रेय मात्र त्याचा एके काळचा मित्र ब्यू ब्रमेल याला देतात.

मे १९१० मध्ये सातवा एडवर्ड वारला. शर्यती रद्द झाल्या नाहीत. सगळे काळे कपडे घालून आले. बायकांच्या हॅट तेवढ्याच मोठ्या, फक्त पिसेसुद्धा काळी! ('माय फेअर लेडी'मधला काळा-पांढरा प्रसंग त्यावरूनच सुचला म्हणतात.)

इथवर गंमत आहे. पण राजघराण्यासाठी राखलेल्या 'रॉयल एन्क्लोजर'मध्ये घटस्फोटितांना १९५५ पर्यंत प्रवेशच नव्हता. कपडे कितीही नेमके असोत, नाव यादीतून गळायचे. इंग्रजांना हसण्यापूर्वी आपल्या हळदीकुंकवाला कोणाला बोलावणे जात नसे, ते आठवावे. माझ्या आजीला जात नसे. ती त्या दिवशी मागच्या खोलीत गहू निवडत बसायची.

या मैदानाशी आपलेही एक नाते आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतले आणि त्याला आजोबांचे नाव दिले: सयाजीराव. या घोड्याने १९४७ साली डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली आणि १९४८ साली अ‍ॅस्कॉटला हार्डविक स्टेक्स. त्या दिवशी इंग्रज निवेदकांची जीभ किती वळली असेल, देव जाणे.

जाता जाता भगिनींसाठी: २०१२ पासून एन्क्लोजरमध्ये नुसते पिसांचे फॅसिनेटर चालत नाही, डोक्यावरच्या वस्तूचा तळ किमान चार इंच हवा. परदेशी पाहुण्यांना आपापला औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो. म्हणजे पैठणीला हरकत नसावी. आणि कोणाच्या यजमानांनी कोल्हापुरी फेटा बांधायचे ठरवले, तर चार इंचांची चिंताच नाही.