दोरीला टांगलेला नावाडी

१९३६ च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक जर्मनीत होते. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने आपले देशी खेळ जगाला करून दाखवले, हे वऱ्हाडात अनेकांना ठाऊक असते. त्याच ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मात्र बर्लिनपासून दूर, कील बंदरात झाल्या. तिथे एकट्याने चालवायच्या होडीत पीटर स्कॉट या इंग्रज तरुणाला कांस्यपदक मिळाले. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा मुलगा. पुढे तो पक्षितज्ज्ञ म्हणून गाजला. १९६१ साली स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीचे पांडाचे चित्र त्याच्याच हातचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचे कारण नाही. पण दोन वर्षांनी स्कॉटने जे केले, ते दोरीच्या मल्लखांबावर तयार झालेल्या मुलाला न सांगता कळले असते.

१९३८ साली प्रिन्स ऑफ वेल्स चषकाच्या शर्यतीत स्कॉट आणि त्याचा सोबती जॉन विंटर ‘थंडर अँड लाइटनिंग’ नावाची चौदा फुटी होडी घेऊन उतरले. डोलकाठीच्या वरच्या भागातून एक दोर खाली आणून तो कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पाय होडीच्या काठावर रोवायचे आणि सगळे शरीर पाण्यावर आडवे टाकायचे, ही त्यांची युक्ती. ती अगदीच नवी नव्हती. थेम्स नदीवर बीचर मूर याने काही वर्षांपूर्वी हाताने धरायच्या दोराचा प्रयोग केला होता. स्कॉट-विंटर शर्यत जिंकले आणि लवकरच या युक्तीवर बंदी आली.

या युक्तीला नाव मिळाले ते सर्कशीतल्या झोक्याचे: ‘ट्रॅपीझ’. झूल ल्योतार याने १८५९ साली पॅरिसमध्ये उडत्या झोक्याचा पहिला खेळ केला. विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीमुळे महाराष्ट्रालाही सर्कशीची ओळख एकोणिसाव्या शतकातच झाली. भूमितीतला समलंब चौकोन, म्हणजे ट्रॅपिझियम, याच शब्दाचा भाऊ.

बंदी घालण्याइतके त्यात काय होते? शिडावरचा वारा होडीला एका बाजूला कलंडवतो. त्याला विरोध करते माणसाचे वजन, पण नुसते वजन नव्हे. वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर, म्हणजे आघूर्ण. सी-सॉवर लहान मूल टोकाला बसून मोठ्या भावाला उचलते, तसेच हे. काठावर बसून पाठ मागे टाकलेली चालत होती, दोर मात्र चालत नव्हता. मला ही बंदी चमत्कारिक वाटते, कारण दोन्हींतले भौतिकशास्त्र एकच आहे.

समुद्रावर पोट भरणाऱ्यांना असली बंदी कोण घालणार? श्रीलंकेचे कोळी वाऱ्याचा जोर माणसांत मोजत. होडीला जोडलेल्या आडव्या दांड्यांवर तोल सांभाळायला एक माणूस पाठवावा लागला तर तो ‘एका माणसाचा वारा’, दोन लागले तर ‘दोन माणसांचा’. कोकणातल्या होड्यांना बाजूने जोडलेल्या हलक्या लाकडाच्या ओंडक्याला ‘उलांडी’ म्हणतात. तिचेही काम तोल सांभाळण्याचेच. ‘कॅटमरान’ हा शब्द तर तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेले ओंडके, यावरून आला. इंग्रजीत तो दोन अरुंद सांगाडे आडव्या दांड्यांनी जोडलेल्या होडीला चिकटला. नॅथॅनिएल हेरशॉफने अशी ‘अमॅरिलिस’ बांधून १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतरांना मागे टाकले, तेव्हा तिलाही बाद ठरवण्यात आले.

कॅटमरान आणि ट्रॅपीझ एकत्र आले म्हणजे काय होते, ते आकड्यांत पाहू. दोन सांगाड्यांतले अंतर सव्वादोन मीटर धरू. वाऱ्याकडचा सांगाडा उचलला जाऊ लागला की दुसरा टेकू होतो. काठावर बसलेल्या ६५ किलोच्या माणसाचे आघूर्ण सुमारे १४६ किलो-मीटर. तोच माणूस तारेला टांगून आडवा झाला की त्याचा गुरुत्वमध्य आणखी एक मीटर बाहेर जातो आणि आघूर्ण होते २११. वजन तेवढेच, लाभ सुमारे ४५ टक्के.

आता तारेवरचा ताण. कमरेचा हूक गुरुत्वमध्याशीच आहे आणि तार आडव्या रेषेशी ६५ अंशांचा कोन करते असे धरले, तर ताण ६५ भागिले ज्या ६५°, म्हणजे ७२ किलो वजनाइतका. पायांवर उभा भार शून्य. ते होडीला आडवे रेटत असतात, ३० किलोच्या जोराने! कोन ३० अंश असता तर ताण १३० किलो झाला असता. तार डोलकाठीवर उंच बांधतात ती म्हणूनच.

दोघांच्या कॅटमरानवर दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार तारा असतात. रिकाम्या तारेची कडी वाऱ्यात भिरभिरत राहिली, तर दिशा बदलून घाईने पलीकडे आलेल्या नावाड्याला ती सापडत नाही. इथे शॉक कॉर्ड येते. रबराचे अनेक धागे एकत्र करून त्यांवर सुताचे किंवा नायलॉनचे विणकाम चढवलेली ही दोरी. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत चाकांच्या आसाला तिचेच वेढे देत, उतरताना बसणारा धक्का सोसायला. कॅटमरानवर ती एका बाजूच्या कडीपासून निघते, दोन सांगाड्यांमध्ये ताणलेल्या कापडाखालून जाते आणि दुसऱ्या बाजूच्या कडीला मिळते.

जवळच एखाद्या खिळ्याला आखूड तुकडा का बांधत नाहीत? उत्तर रॉबर्ट हुकने १६७८ साली मांडलेल्या नियमात आहे. नावाडी बाहेर पडला की कडी मीटरभर सरकते. आखूड दोरीला तेवढे ताणायला मोठे बल लागेल आणि ती त्याला आत ओढत राहील. दोरी दुप्पट लांब केली की तेवढ्याच वाढीला निम्मे बल पुरते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या, एक वीतभर आणि एक दोन वीत, तानकाट्याला लावून वर्गात हे पाहता येईल. वाढ थोडीच ठेवावी, कारण रबर हुकचा नियम फार लांबपर्यंत पाळत नाही.

बंदी हळूहळू सैल झाली. १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये ट्रॅपीझवाली ‘फ्लाइंग डचमन’ होडी होती आणि १९७६ मध्ये ‘टॉर्नेडो’ ही कॅटमरानही आली. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. जेमतेम १.४ मीटर रुंदीच्या त्या होडीत मध्यापासून काठ ७० सेंटिमीटरवर, म्हणजे तारेवर आडव्या झालेल्या माणसाचा गुरुत्वमध्य मध्यापासून १.७ मीटरवर.

आज नियमांची नजर दोरावर नाही, हुकावर आहे. होडी उलटली आणि पट्ट्याचा हूक दोरांत किंवा जाळीत अडकला, तर माणूस पाण्याखाली अडकून राहतो. असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून २०२१ ते २०२४ च्या आंतरराष्ट्रीय शर्यत-नियमांत, हुकापासून चटकन सुटता येईल असा खटका पट्ट्याला हवाच, ही अट आली.