हद्द बदलली, हक्क कसा टिकला?

धाराशिवचा माणूस आणि सोलापूरचा माणूस एकाच विमानाने हजला जाऊ शकतात. तरी मक्केत उतरल्यावर त्यांच्यात एक फरक पडतो. धाराशिवच्या हाजीला निजामाच्या रुबातीत मोफत मुक्काम मिळावा म्हणून सोडतीत नाव घालता येतं, सोलापूरच्या हाजीला येत नाही. दोन्ही गावं आज एकाच राज्यात आहेत आणि एसटीने दीड-दोन तासांवर आहेत. पण धाराशिव म्हणजे जुनं उस्मानाबाद हैदराबाद संस्थानात होतं, तर सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९४८ मध्ये संपलेल्या संस्थानाची हद्द मक्केतल्या एका इमारतीच्या दारात अजून जिवंत आहे.

रुबात म्हणजे यात्रेकरूंसाठी वक्फ केलेली राहण्याची जागा. जुन्या काळी मुंबईहून जहाजाने जिद्दा गाठणाऱ्या गरीब हाजीला मक्केत डोक्यावर छप्पर मिळणं सोपं नव्हतं. म्हणून हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथे जागा घेऊन त्या आपापल्या रयतेसाठी वक्फ केल्या. भोपाळची रुबात आहे, तशी हैदराबादचीही. हैदराबादच्या रुबातीचा लाभ जुन्या संस्थानातल्या तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटक या तिन्ही भागांतल्या हाजींना आहे.

आपल्या जिल्ह्याच्या हद्दी किती वेळा बदलल्या ते पाहा. १८५३ च्या तहात हा मुलूख वऱ्हाडाबरोबर इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. राज्यकर्ते आणि नकाशे बदलले, तरी रुबातीतला वाटा तसाच राहिला.

धर्मासाठी दिलेली जागा परक्या राज्यात कशी टिकते, याचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण रोमचं आहे. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या फौजेने रोम घेतलं आणि पोपचं राज्य संपलं. पुढची ५९ वर्षं पोप आणि इटली यांच्यात समेट नव्हता. ११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन करार झाला आणि व्हॅटिकन हे जेमतेम ४४ हेक्टरचं स्वतंत्र राज्य जन्माला आलं.

पण पोपची महत्त्वाची चर्चेस आणि वाडे या ४४ हेक्टरांच्या बाहेर होते. रोमच्या बिशपचं मुख्य चर्च असलेलं सेंट जॉन लॅटरन, सांता मारिया माज्जोरे, सेंट पॉल ही सगळी इटलीच्या जमिनीवर. करारात त्यांच्यासाठी वेगळी तरतूद केली गेली. जमीन इटलीची, मालकी पोपच्या गादीची, आणि संरक्षण परदेशी वकिलातीला असतं तसं. ना कर, ना सक्तीचं संपादन. कास्तेल गांदोल्फो इथली पोपची उन्हाळी जागा सुमारे ५५ हेक्टर आहे, म्हणजे व्हॅटिकनपेक्षाही मोठी! दुसऱ्या महायुद्धात हजारो निराधार लोकांनी तिथे आसरा घेतला. तरी १९४४ मध्ये तिथेही बॉम्ब पडले आणि शेकडो माणसं मेली. कागदावरचं संरक्षण आभाळातून येणाऱ्या बॉम्बला अडवू शकत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना सांता मारिया माज्जोरेत दफन केलं गेलं. म्हणजे व्हॅटिकनच्या या प्रमुखाची कबर व्हॅटिकनच्या हद्दीबाहेर आहे.

असा करार नसेल तर काय होतं, हे पाहायला रोमला जायची गरज नाही, आपली मुंबई पुरे. १६६१ च्या लग्नाच्या तहाने मुंबई पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली. तिथल्या कॅथलिक चर्चेसचा धार्मिक कारभार मात्र गोव्याच्या आर्चबिशपकडेच राहिला. आपल्या हद्दीत पोर्तुगालच्या माणसांचा शब्द चालतो, हे इंग्रजांना खटकू लागलं. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज पाद्र्यांना बाहेर काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट पाद्र्यांना आणलं. १७८९ मध्ये चर्चेस पुन्हा गोव्याकडे गेली, १७९४ मध्ये ती दोन पक्षांत वाटली गेली. पुढे तर एका शहरात दोन बिशप बसले. रोम आणि पोर्तुगाल यांच्यात १९२८ मध्ये करार झाला, तेव्हा हा दुहेरी कारभार मिटला. तोवर चर्च कुणाच्या ताब्यात राहील हे पुष्कळदा सरकारच्या मर्जीवर ठरत होतं.

आता पुन्हा मक्केकडे येऊ. रुबातीला व्हॅटिकनच्या चर्चेससारखं वकिलातीचं संरक्षण नाही. तिथे सौदी अरेबियाचाच कायदा चालतो. हरम शरीफचा विस्तार झाला तेव्हा भोवतालच्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांत रुबातीही गेल्या. अशा वेळी भरपाई मिळते आणि तिच्यातून त्याच हेतूसाठी दुसरी जागा उभी करायची, असा वक्फचा नियम आहे. मात्र त्यासाठी हक्क सांगणारा नाझिर हवा आणि त्याच्याकडे वादातीत कागद हवेत.

ते नसले की काय होतं, हे केरळच्या केयी रुबातीने दाखवलं. मलबारचे व्यापारी मायनकुट्टी केयी यांनी मक्केत बांधलेली ही रुबात १९७१ मध्ये विस्तारात पाडली गेली. भरपाई ठरली, पण ती घ्यायची कुणी, वारसांनी की वक्फने, हा वाद अर्धं शतक रेंगाळला. हाजींसाठी बांधलेलं छप्पर गेलं आणि त्याचे पैसेही हाजींच्या कामी आले नाहीत.

मला यातून एवढंच दिसतं की, परक्या हद्दीत धर्माची जागा झेंड्यामुळे टिकत नाही. जागा कशासाठी, कुणासाठी आणि सांभाळणार कोण, या तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या असतात, तेव्हा ती टिकते.

ही गोष्ट आपल्या दाराशीही आहे. १९४८ नंतर आपल्या मशिदी आणि दर्गाह जागच्या हलल्या नाहीत, हललं ते राज्य. निजामाच्या काळात मशीद, दर्गाह, मंदिर या सगळ्यांनाच सेवेसाठी इनाम जमिनी होत्या. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातून धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं वगळली गेली. पण जमीन खरोखर संस्थेची आहे हे सिद्ध कशाने करायचं? मुन्तखबाने, म्हणजे इनामाच्या मंजुरीच्या दाखल्याने. १८८० च्या दशकापासून हैदराबादचा सरकारी कारभार फारसीऐवजी उर्दूत होऊ लागला. त्यामुळे आपल्या भागातले असे कितीतरी कागद उर्दूत आहेत, तेही घसरत्या शिकस्त अक्षरात.

मी उर्दू शिकवतो, म्हणून लोक कधीकधी असे कागद वाचायला आणतात. घडीवर फाटलेले, वाळवी लागलेले. आजोबांना त्यातलं अक्षर न् अक्षर ठाऊक होतं, नातवाला ते वरून वाचायचं की खालून हेही कळत नाही. आता २०२५ च्या कायद्याने वक्फची नोंद उम्मीद पोर्टलवर करायला लावली आहे. कायद्याबद्दल मतं वेगवेगळी असतील आणि ती मांडलीही पाहिजेत. पण नोंदीच्या रकान्यात मत भरता येत नाही, तिथे कागदातली माहितीच भरावी लागते.

म्हणून प्रत्येक मुतवल्लीने आणि विश्वस्ताने घरच्या पेटीतले कागद बाहेर काढावेत. त्यांचे स्वच्छ फोटो काढावेत, मराठीत लिप्यंतर करून घ्यावं, आणि सातबाऱ्यावरचं नाव त्यांच्याशी ताडून पाहावं. गावात उर्दू वाचणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावं. पोपच्या गादीला एका करारासाठी ५९ वर्षं थांबावं लागलं. आपले कागद तर लिहून तयार आहेत, फक्त ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत.