नकाशावरची पाटी कोण दुरुस्त करतो?

वाचकहो, समजा बाजारच्या दिवशी कोणी तुमच्या चालत्या दुकानाच्या दारावर 'हे दुकान कायमचे बंद आहे' अशी पाटी लावून गेला, तर तुम्ही काय कराल? पाटी उपटून टाकाल, आणि लावणारा सापडलाच तर त्याला चार शब्द सुनवाल. पण ती पाटी तुमच्या दाराला नसून गिऱ्हाइकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये असली तर? ती तुम्हाला दिसणारही नाही, आणि ती वाचून गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे वळले हेही कळणार नाही.

ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे आमच्या तालुक्याच्या गावी विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करून देण्याचे दुकान आहे. ऐन रब्बीत, मोटार जळाली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो त्या दिवसांत, त्यांच्याकडे नवे गिऱ्हाईक येईनासे झाले. जुनी, ओळखीची माणसे येत होती. लांबच्या गावची माणसे मात्र दुकान मोबाईलवरील नकाशात शोधतात. ती येत ना. शेवटी एका शेतकऱ्यानेच फोन करून विचारले, "काय हो, धंदा बंद केलात म्हणं?" तेव्हा उलगडा झाला. दुकान जुन्या स्टँडच्या बोळातून मार्केट यार्डाजवळ हलले होते. कोणा भल्या माणसाने बोळातले कुलूप पाहिले आणि नकाशाला कळवून टाकले, 'बंद झाले.' तो खोटे बोलला नव्हता; अर्धे खरे बोलला होता. मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, दुकान उघडं हाय, मी आत बसलोय, आन् नकाशा म्हणतोय बंद हाय. आता मी खरा का नकाशा खरा?"

मी इतिहासाचा शिक्षक. हा प्रश्न ऐकला आणि वाटले, अरे, हा प्रश्न तर आपल्याच मुलखात फार पूर्वी उभा राहिला होता.

१८१८ साली पेशवाई गेली आणि दख्खनवर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसला. नव्या सरकारला जमिनीचा सारा ठरवायचा होता. १८३० च्या आगेमागे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करविली. त्याचा हिशेब मोठा शास्त्रशुद्ध होता. पण बांधावर उभी राहणारी माणसे हाताखालची. कोठे मोजणी चुकली, कोठे लाच खाऊन प्रत बदलली. हलकी जमीन कागदावर भारी झाली, भारी जमीन हलकी झाली. कागद मात्र स्वच्छ! त्या कागदाप्रमाणे सारा बसला आणि तो रयतेला पेलेना. कितीतरी जमीन पडीक पडली, माणसे गाव सोडून गेली. पुढे १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विन्गेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून ते काम नव्याने हाती घेतले, दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपली जमीन हलकी की भारी हे शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ठाऊक असून उपयोग काय? कागदावरची चूक दुरुस्त करण्याचा मार्ग त्याच्या हाती नव्हता. दुरुस्ती वरून यायची होती, आणि ती येईपर्यंत शेते ओस पडली.

आता त्याच शतकातली दुसरी गोष्ट पाहू. ती आहे स्कॉटलंडची. ब्रिटनच्या नकाशे करणाऱ्या सरकारी खात्याला ऑर्डनन्स सर्व्हे म्हणतात. त्याचा आरंभ १७९१ सालचा. साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन टेकडीची जागा अचूक सांगता येते; पण टेकडीचे नाव काही दुर्बिणीतून दिसत नाही! ते तिथल्या माणसालाच विचारावे लागते. म्हणून मोजणीदारांजवळ 'नावांची वही' असे. तिच्यात रकाने पाडलेले असत: जागेचे नाव, ते कोणकोणत्या तऱ्हांनी लिहितात, आणि ते अमुक तऱ्हेने लिहावे असे सांगणारा कोण. या शेवटच्या रकान्यात गावचा धर्मोपदेशक, जमीनमालक आणि पुष्कळदा गावचा शाळामास्तर यांची नावे सापडतात. म्हणजे नकाशावरच्या नावामागे एक ओळखीचा माणूस उभा असे. पुढे वाद निघाला तर विचारता येई, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

या दोन गोष्टी मनात ठेवा, म्हणजे आजच्या नकाशाची कथा नीट कळेल.

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम सुरू केला. कल्पना साधी: ज्याने त्याने आपल्या परिसरातील रस्ते, दुकाने, दवाखाने स्वतः नोंदवावेत आणि तो नकाशा सर्वांना मोकळा असावा. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रे पाहून, पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा अल्पावधीत तयार केला. मदतीला गेलेल्या पथकांनी तो वापरला.

२००५ साली गूगल कंपनीने आपला नकाशा सुरू केला. अमेरिका-युरोपात रस्त्यांची तयार माहिती विकत मिळत होती. आपल्याकडे आणि आपल्यासारख्या अनेक देशांत अशी माहिती फारशी नव्हती. तेव्हा २००८ साली 'मॅप मेकर' नावाचे साधन निघाले. त्याच्या घडणीत कंपनीच्या बंगळुरूच्या कचेरीतील ललितेश कात्रगड्डा यांचा मोठा वाटा होता. कोणीही रस्ता काढावा, दुकानाची खूण करावी, चुकलेला फोन नंबर बदलावा. दुसऱ्याने ते तपासावे आणि मग ते नकाशावर चढावे, अशी ती रीत होती. भारतातील हजारो हात या कामी लागले. जे काम प्रथम नकाशा नसलेल्या देशांसाठी निघाले, ते २०११ साली खुद्द अमेरिकेतही सुरू झाले.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. २०१३ साली आपल्या देशात नकाशा भरण्याची स्पर्धा घेतली गेली. तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने, म्हणजे १७६७ पासून चालत आलेल्या आपल्या सरकारी मोजणी खात्याने, हरकत घेतली आणि प्रकरण चौकशीवर गेले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील निर्बंध पुष्कळच सैल केले. तिकडे एप्रिल २०१५ मध्ये कोणा खोडसाळाने रावळपिंडीजवळ नकाशावर एक अचकट चित्र काढून ठेवले. 'मॅप मेकर' काही महिने बंद ठेवावे लागले आणि ३१ मार्च २०१७ रोजी ते कायमचेच गुंडाळले गेले. दुरुस्ती सुचवण्याची सोय मात्र मुख्य नकाशात राहिली. आज सुचवणाऱ्याला गुण मिळतात, पायऱ्या चढता येतात. पगार मिळत नाही. सूचना आली की काही यंत्र तपासते, काही माणसे तपासतात.

मग प्रश्न येतो विश्वासाचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेत एका माणसाने नकाशावर सरकारी तपास खात्यांच्या नावाने खोट्या नोंदी केल्या आणि आपले फोन नंबर दिले. लोकांनी केलेले फोन त्याच्याकडे आले, आणि पलीकडे खरे खाते आहे असेच लोक समजले! उणीव दाखवून द्यावी म्हणून आपण हे केले, असे सांगत तो स्वतःच अधिकाऱ्यांपुढे गेला. पण दुसरा कोणी गेला असता का? एकट्या २०१८ सालात व्यवसायांच्या तीस लाखांहून अधिक खोट्या नोंदी काढून टाकल्याचे गूगलने स्वतः जाहीर केले आहे.

व्हर्जिनिया राज्यात 'सर्बियन क्राऊन' नावाचे सुमारे चाळीस वर्षांचे खाणावळघर होते. ते गावापासून आडबाजूला असल्याने लोक मुद्दाम वाट काढून येत. शनिवार-रविवारची गर्दी एकाएकी ओसरली. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे, नकाशावर त्याच दिवशी 'बंद' असे लागले होते. २०१३ साली ते बंद पडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीने दोष मान्य केला नाही. कायद्याने दोष कोणाचा, तो भाग वेगळा. पण आमच्या मोटारवाल्याचे आणि त्या परदेशी खाणावळवाल्याचे दुःख एकच आहे. चूक दुसऱ्याच्या हातची, नुकसान आपल्या गल्ल्यातले.

येथे कोणी चतुर वाचक विचारील, "अहो, नकाशा कंपनीचा, नफा कंपनीचा, मग आम्ही फुकट का राबावे?" प्रश्न रास्त आहे. गावच्या सार्वजनिक विहिरीतला गाळ काढणे निराळे, आणि पाटलांच्या खाजगी विहिरीतला काढणे निराळे. ओपनस्ट्रीटमॅपवर केलेली दुरुस्ती सर्वांची राहते. कंपनीच्या नकाशावर केलेली कंपनीच्या पदरात पडते. हे भान जरूर असावे. पण तहानलेला वाटसरू विहीर कोणाची हे विचारीत नाही. रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप ज्या नकाशाच्या भरवशावर वळणार, त्यातला दवाखाना खरा असला पाहिजे. कंपनीसाठी नव्हे, त्या जीपसाठी.

आणि येथेच इंदापूर व स्कॉटलंड यांचा धडा उपयोगी पडतो. इंदापूरच्या शेतकऱ्याला जो मार्ग नव्हता, तो आज आपल्या हाती आहे. पण मार्ग मिळाला की जबाबदारीही येते. नावांच्या वहीत सांगणाऱ्याचे नाव असे. आजच्या दुरुस्तीमागे पुष्कळदा कोणीच दिसत नाही. म्हणून ती सही आपणच मनाशी करावी. स्वतः पाहिल्याशिवाय काही कळवू नये. कुलूप दिसले तर शेजारच्या टपरीवर विचारावे, 'बंद झालं की हललं?' हलले असेल तर 'बंद' असे न कळवता नवी जागा कळवावी. दुकानदारानेही आपली नोंद आपल्या ताब्यात घ्यावी. बरीच वर्षे यासाठी दुकानाच्या पत्त्यावर टपालाने कार्ड येई आणि त्यावरचा आकडा भरला की मालकी पटे. एवढा आधुनिक नकाशा, पण त्याचीही भिस्त शेवटी आपल्या पोस्टमनवर!

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन एक दिवस गावात फिरा. मोबाईलवरचा नकाशा आणि समोरचे गाव ताडून पाहा. शाळेचे नाव बरोबर आहे का? ओढ्यावरचा पूल आहे का? रेशनचे दुकान कोठे दाखवले आहे? एका वहीत रकाने पाडा: जागा, चूक, खरे काय, कोणी सांगितले. भूगोलही होईल, इतिहासही होईल, आणि छापलेले सगळे खरे नसते, ते तपासता येते, हे मुलांना कळेल. हे शिक्षण लहान नाही.

आमच्या मोटारवाल्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुलाने दुरुस्ती पाठवली. ती पहिल्यांदा फेटाळली गेली. मग वर्गातली सात-आठ पोरे मार्केट यार्डात गेली, दुकानाच्या पाटीचा फोटो काढला आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवरून कळवले. काही दिवसांनी 'बंद' हा शब्द गेला आणि खूण नव्या जागी आली. तोवर हंगाम निम्मा सरला होता. मी दुकानात गेलो तेव्हा दारात एका ट्रॅक्टरमधून जळकी मोटार उतरत होती. वडील हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "सर, नकाशा खरा झाला बघा." मी म्हणालो, "नकाशा नव्हे हो, पोरं खरी झाली."