खाशाबा जाधवांचे मनोबल : एक ऐतिहासिक विचार

खेळाडूच्या यशाचे श्रेय जिद्दीला आणि अपयशाचा दोष मनाच्या दुबळेपणाला देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही दोन्ही विधाने निकाल लागल्यानंतर केलेली असतात. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने ती पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी तपासून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत टिपणात खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या 1948 व 1952 या दोन ऑलिंपिक स्पर्धांच्या आधारे हा प्रश्न मांडावयाचा आहे.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी 1926 साली जन्मलेले खाशाबा तांबड्या मातीत घडले. मातीतील कुस्तीचा निकाल प्रायः चीतपटीने लागतो. गादीवर मात्र मिनिटे आणि गुण यांचे राज्य असते. पृष्ठभाग बदलला की केवळ पायांचीच नव्हे, तर अवधानाचीही सवय बदलावी लागते : प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवीत असतानाच वेळ व गुण यांचा हिशेब मनात चालू ठेवणे भाग पडते. 1948 साली लंडन येथे 52 किलो वजनगटात खाशाबांना सहावा क्रमांक मिळाला. गादीचा सराव नसलेल्या मल्लाची ती कामगिरी मुळीच सामान्य नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकी येथे 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

या चार वर्षांत वाढले ते मनोबल एकट्या खाशाबांचेच होते काय? हेलसिंकीच्या निवडीत डावलले गेल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि फेरलढत जिंकून आपले स्थान मिळविले. प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्यामागे कोणी उभे आहे ही जाणीव मल्लाच्या मनाला स्थैर्य देते. तद्वतच त्या ऋणाचे दडपणही ती त्याच्यावर टाकते. मनोबल हे अशा रीतीने व्यक्तीच्या ठायी दिसते, परंतु त्याची मुळे व्यक्तीबाहेर पसरलेली असतात.

मानसशास्त्राच्या इतिहासातही या विचाराला आधार आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1898 साली सायकलस्वारांच्या वेळा तपासून असे दाखविले की, एकट्याने धावणाऱ्यापेक्षा इतरांच्या सोबतीत धावणारा स्वार अधिक वेगवान ठरतो. आपल्या प्रदेशापुरते पाहिल्यास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वर्ग, आहार, व्यायाम व डाव यांचा विचार राजाच्या विनोदाच्या, म्हणजेच आश्रयदात्याच्या, चौकटीत आला आहे. मल्ल आणि त्याचा आधार यांची फारकत तेथे केलेली नाही.

आता पराभवाकडे वळू. हेलसिंकीत जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून खाशाबा हरले. हे दोघे अनुक्रमे सुवर्ण व रौप्यपदकाचे मानकरी ठरले. लढतींमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळावयास हवी होती, ती मिळाली नाही, आणि त्यासाठी भांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रविषयक वृत्तांतांत वारंवार नमूद झाले आहे. थकलेल्या देहात मन खंबीर राहिले नाही असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याची बाजू मांडणारा कोणी नाही, त्याच्या मनाची परीक्षा इतरांच्या परीक्षेसारखी समान म्हणता येत नाही.

महाराष्ट्राला पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदक 72 वर्षांनी, 2024 साली पॅरिस येथे, स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत मिळवून दिले. ज्या खेळात श्वासाची लयदेखील निर्णायक ठरते, त्या खेळातील हा खेळाडू शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली घडला. 1952 साली जे वर्गणीतून आणि गहाणखतातून उभे करावे लागले, त्याचा काही भाग आता संस्थेने उचलला आहे.

म्हणून हर्सूलसारख्या, शहराला लागून वाढलेल्या वस्तीत खेळाडूंच्या मनोव्यापाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीत चिंता व आत्मविश्वास यांचे मापन अवश्य करावे. परंतु सरावाचा खर्च कोण करतो, अन्याय झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, आणि पराभवानंतर घरी कोण वाट पाहते, हेही विचारावे. ही उत्तरे सोडून केलेले मनोबलाचे मापन अपुरे राहील.